वाट वाकडी

अजमानमध्ये शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला
एसीखालची बादली अर्धी भरते, तेव्हा मी वही उघडते.
मापांची वही. पुढून शाळेचे युनिफॉर्म :
छाती चौतीस, बाही अकरा, खिसा डावा.
मागून उलटी धरून : ग्वांगचौ, सहा रात्री.

सहाही रात्री एकाच हॉटेलात, स्टेशनाजवळ.
बॅग एकदाच उघडायची.
सकाळी कुठेतरी निघायचं, रात्री परत त्याच उशीवर.
फोशान : जवळ. मातीची भांडी. अर्धा दिवस पुरे.
झाओछिंग : तळं, डोंगर. गुडघ्याला विचारून.
मकाऊ : खोडलं. एकदा बाहेर पडलं
की आत यायला दुसरा व्हिसा, आणि माझ्याकडे एकच.

वरच्या बंकवरून शायनी विचारते, "एकटी?"
मी म्हणते, इथे तरी कुणाबरोबर आले होते?
एकोणीस वर्षांपूर्वी शारजाच्या विमानतळावर
पुठ्ठ्यावर नाव लिहून एक माणूस उभा होता.
नाव चुकीचं होतं.
तरी गेले त्याच्यामागून.

दिगंबरदादा फोनवर : "चीनला? तिथे कोण आहे आपलं?"
कोणी नाही, दादा.
म्हणूनच तर.

पण मग बटणं आणायला गेले क्वानबाईंच्या दुकानात
आणि बोलून बसले.
बाईंनी कात्री खाली ठेवली. खोक्याचं झाकण फाडलं,
त्यावर खडूने रस्ता काढू लागल्या, कापडावर काढतात तसा.
इथे ग्वांगचौ. इथून बस, दोन-अडीच तास. कायपिंग.
मग दुसरी बस, लहान. मग भातशेतं, चालत.
आणि शेतात मधेच उभा, बुरूज.
पाच मजली, खाली जाड भिंती दरोडेखोरांसाठी,
वर परदेशात पाहिलेल्या कमानी.
त्यांच्या पणजोबांचा. ते कॅनडात लोकांचे कपडे धूत.
पाकीट आलं की मजला चढे.
ते स्वतः कधी आले नाहीत चढायला.

"तिसऱ्या मजल्याची खिडकी बघ," बाई म्हणाल्या,
"लोखंडी. एक झडप लागत नाही म्हणतात.
पाऊस आत येतो का, तेवढंच.
तुझी वाट जरा वाकडी होईल."
शब्द हे नसणार. अर्धी बाजारू हिंदी,
थोडी अरबी, बाकी बोटं.
पण मला मराठीतच ऐकू आलं.

बिलाच्या पाठीवर त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या,
ड्रायव्हरला दाखवायला.
मला वाचता येत नाही.
"हिला बुरुजापाशी सोड" असेल.
"हिला परत आण" हेही असावं.

तर आता झाओछिंगचा डोंगर गेला.
शेवटची बस विचारून घ्यायची, आणि तिच्या आधीची धरायची.
पाणी, खजूर, सुटे पैसे,
खिडकीचा फोटो काढायला फोन भरलेला.
झडप लागत नसली तर मी काय करणार आहे, कुणास ठाऊक.
सुतळी घेते. दुकानात भरपूर आहे.

देवरुखच्या फ्लॅटचे हप्ते फिटून तीन वर्षं झाली.
अकरा रात्री झोपले आहे त्यात, मोजून.
मागच्या अंगाला एक खिडकी आहे, फणसाकडे उघडणारी.
उघडणारी असावी.
दादाला विचारलं तर म्हणेल, आत्ता हे काय काढलंस.

दिवस चौथा : कायपिंग. खिडकी.
दिवस पाचवा अजून कोरा आहे.
शायनी म्हणते, अगं, बादली.